शेवटची बांधी

८ सप्टेंबर १९२९, रविवार

नवी वही. शाळेच्या हजेरीसाठी आणली होती, पण आज लिहिण्यासारखं घडलं म्हणून तिच्यावर मीच डल्ला मारला. घरात आम्ही पोवारी बोलतो. वही मराठीत ठेवीन, म्हणजे जरा मास्तरासारखं वाटेल.

गावानं आज पाण्याची काठी माझ्या हातात दिली. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, केव्हा आणि किती जायचं, हे एकतीस वर्षं उदाराम ढिवर ठरवत आला आणि वरचा टोला, खालचा टोला या गावाच्या दोन्ही वस्त्या ते मुकाट ऐकत आले. आता त्याला दिसत नाही. सभेत तो काठी टेकत आला, चाचपत माझ्यापर्यंत पोचला आणि म्हणाला, “घ्या गुरुजी. तुमाले वाचता येते.”

माझी निवड बहुधा त्यामुळेच झाली. शिवाय वरच्या टोल्याचा कारभारी रूपलाल माझा चुलतभाऊ, आणि खालच्या टोल्याची मुलं माझ्या शाळेत. दोघांनाही मी चालतो. एकोणतिसाव्या वर्षी पाण्याच्या पंचायतीचा मुख्य झालेला माणूस या भागात दुसरा नसावा.

काठी बांबूची, पुरुषभर उंच. हंगाम संपला की तलावात उरलेलं पाणी मोजून उदाराम तिच्यावर चाकूनं खूण करायचा. एकतीस खुणा आहेत, सगळ्या सरळ आडव्या.

पण वेळ वाईट आहे. नागपंचमीपासून आभाळ कोरडं. तलावात दोन फेऱ्यांपुरतं पाणी आहे. दुसरी फेरी दसऱ्यापर्यंत खालच्या टोल्याला पोचली नाही, तर तिथली चाळीस घरं यंदा धान कापणार नाहीत, नुसती तणस, म्हणजे दाण्याविना पेंढा, कापतील.

जेवताना गिरजाला काठी दाखवली. तिनं ती उभी धरून पाहिली आणि म्हणाली, “तुमच्यापेक्षा मोठी हाय.” माझी बायको अशी आहे.

१० सप्टेंबर, मंगळवार

वेळापत्रक पूर्ण केलं. प्रत्येकाची जमीन, तिला लागणारे तास, पाळीचा दिवस, सगळं दोन शाईंत. तलावापासून सुरुवात आणि क्रमानं खाली, म्हणजे पाणी वाहतं तसं. उदारामचं सगळं डोक्यात असायचं; डोक्यातलं दुसऱ्याला वाचता येत नाही. हे शाळेच्या भिंतीवर चिकटवलं आहे, कोणीही यावं आणि पाहावं.

उदारामला दोनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, “कागद चांगला हाय गुरुजी. पानी वाचते का त्याले?” लोक हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

मग त्यानं विचारलं, “तुमची बांधी कितवी?”

“तिसरी.”

“हं,” म्हणाला.

तिसरी आहे कारण ती तलावाच्या बांधाला लागून तिसरीच आहे. आजोबांनी तिथे घेतली, त्यात माझा काय दोष.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पाणी सोडलं. तुडुम म्हणजे तलावाच्या बांधाखालची दगडी मोरी, हे मला माहीत होतं. तिला वरपासून खालपर्यंत भोकं असतात, तीही पाण्याखाली, आणि त्यांतला लाकडी दट्टा बुडी मारून काढावा लागतो, हे आज अंगावर आलं. उतरलो. धोतर वर तरंगलं, मी खाली. तिसऱ्या बुडीला दट्टा निघाला. बाहेर आलो तेव्हा पाट खळखळत होता आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. फार बरं वाटलं. हे कोणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो.

१४ सप्टेंबर, शनिवार

आमच्या बांधीला पाणी झालं. चार बोटं उभं. धुऱ्यावर, बांधीच्या मातीच्या कडेवर, उभं राहून पाहत होतो, शेजारी गिरजा.

ती म्हणाली, “आपली बांधी तलावाखाली. तिले खालून पाझर लागते. ते कायले मरते आठ-दहा दिसांत?”

मी तिला तास आणि एकर समजावून सांगितले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हो. गणित बरोबर हाय.”

तिला पटलं हे पाहून समाधान वाटलं. एरवी ती इतक्या लवकर ऐकत नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

खालच्या टोल्यात उदारामकडे गेलो होतो. त्याची बायको रुख्मा हिनं लाह्या आणि गूळ पुढे ठेवला. मी विचारलं, एकतीस वर्षं लोकांनी तुझं ऐकलं, कोणी पाट फोडला नाही, याला काय युक्ती? कामाला आली तर लिहून घेणार होतो.

“युक्ती कायची गा. बसून राहत होतो पाटावर.”

मग शाळेत किती मुली येतात ते विचारत राहिला. निघताना म्हणाला, “तुमच्या बांधीले पानी झाला?”

“झालं.”

“बरं झालं.” आणि डोळे चोळत आत गेला.

त्याची स्वतःची बांधी पाटाच्या अगदी शेवटी आहे, सगळ्यांच्या मागे. बिचाऱ्याला दुसरीकडे जमीन मिळाली नसेल.

२० सप्टेंबर, शुक्रवार

वाईट दिवस. कागदाप्रमाणे पाणी काल खालच्या टोल्याला पोचायला हवं होतं. पोचलं ते बोटभर. कोरडा पाट वाटेतच पिऊन गेला, आणि वर कोणी दोन तासांचे चार तास केले. रूपलालला विचारलं तर म्हणे, “कागदावर घड्याळ हाय, मा धुऱ्यावर नाई.”

खालच्या टोल्यातून रामकली आली होती. नवरा नागझिऱ्याकडे जंगलाच्या कामावर, शेती एकटी पाहते. शाळेच्या दारातच उभी राहिली, मुलांसमोर. “गुरुजी, मा बांधीले भेगा पडून राहिल्या. पाय अटकते इतक्या. तुमचा कागद येऊन बांधीत टाकू का?” तिचा मुलगा पहिल्या रांगेत बसतो. तो खाली मान घालून पाटीवर काहीबाही काढत राहिला. मी मुलांना पाढे म्हणायला लावले.

दुपारनंतर ऐकलं की खालच्या टोल्याची माणसं रविवारी टिकास-कुदळी घेऊन तलावावर येणार, तुडुम स्वतः उघडणार. एकदम मोठं भोक उघडलं तर सगळं पाणी नाल्याला जाईल आणि कोणालाच काही मिळणार नाही. दट्टा काढला की झालं, इतकं साधं मुख्याचं काम आहे असं मी समजून बसलो होतो.

उद्या शाळेच्या कामासाठी गोंदियाला जायचं आहे. जावंसं वाटत नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

काल संध्याकाळी गोंदियाहून परतलो. आज सकाळी बांधीवर जातो तर आमचा खालचा धुरा फोडलेला. हातभर रुंद, फावड्यानं नीट कापलेला. चार बोटं पाणी होतं ते सगळं खाली पाटात गेलेलं. धान चिखलात उभं.

मी फार चिडलो. एकाची पाळी दुसऱ्यानं चोरायची, आणि तीही मुख्याची. घरी येऊन गिरजाला सांगितलं. ती धुऱ्यावरची पातूरभाजी निवडत होती. म्हणाली, “जाऊ द्या. पानीच होता न.” मला वाटलं तिला धक्का बसला असेल. काल ऊन फार होतं, एकटीनं धुऱ्यावर भाजी खुडायला गेली होती, कोपरापर्यंत धानाच्या पातीचे ओरखडे आहेत. लुगड्याचा काठ चिखलानं भरला होता तो धुऊन वाळत घातला होता. मी म्हटलं एवढी भाजी कशाला आणायची. ती हसली.

संध्याकाळी सभा घेतली. दोन्ही टोले आले, खालच्या टोल्याची माणसं टिकास घेऊनच. मी काठी आपटली आणि जे बोलायचं ते बोललो. म्हटलं, माझा धुरा ज्यानं फोडला तो चोर आहे, त्याला मी शोधून काढीन, आणि कागदाबाहेर एक थेंब कोणी नेला तर गावासमोर उभा करीन. असं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

आणि परिणाम झाला. खालच्या टोल्यात एकमेकांकडे पाहणं झालं, कुजबूज झाली, रामकलीनं तोंडाला पदर लावला. मग टिकास खांद्यावर टाकून सगळे घरी गेले. तलावाकडे एकही फिरकला नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

तीन दिवस शांतता. पाटावर भांडण नाही. आज खालच्या टोल्यातला एकजण रस्त्यात भेटला आणि हात जोडून बाजूला झाला. पूर्वी नुसता राम राम घालायचा.

कडक बोलावं लागतं, हे मला आधी कळायला हवं होतं. मास्तरकी शिकताना नॉर्मल स्कूलमध्ये आमचे गुरुजी म्हणत, वर्गावर वचक हवा. गावही वर्गच आहे. गिरजाला हे सांगितलं. ती पोळी लाटत होती, लाटणं थांबलं नाही.

धुऱ्याचा चोर अजून सापडलेला नाही. आमचं फावडंही जागेवर नव्हतं, धानाच्या कोठीमागे सापडलं, चिखल वाळलेलं. विसराळूपणा माझाच असणार.

२९ सप्टेंबर, रविवार

जे झालं ते झालं तसंच लिहायचं ठरवलं आहे.

दुसरी फेरी कशी लावायची ते बोलायला उदारामकडे गेलो. तो अंगणात जाळं विणत होता, डोळे मिटून, हातांना दिसतं. मी म्हटलं, सभेनंतर गाव ताळ्यावर आलं. तो पोटभर हसला.

“मस्त केला गुरुजी नाटक. चोर म्हणे, चोर. वरच्या टोल्याले समजू नाई म्हणून न?”

मला कळेना.

तेव्हा रुख्मा म्हणाली, “तुमीच त धाडलं होतं न गिरजाबाईले? शनवारी दुपारी आल्या, कासोटा खोचून धुरा फोडला, पाट धरून पान्यासंग इथवर चालत आल्या. रामकलीच्या बांधीत पानी सोडला. म्हणे, गुरुजींनी सांगतलं, आमची बांधी पाझरावर राहील, खालच्यायले द्या. कोनाले सांगू नका म्हणे, त्यायले आवडत नाई.”

रुख्मानं दिलेल्या लाह्या तशाच माझ्या हातात राहिल्या.

उदाराम जाळं विणता विणता बोलत होता. “तवाच मी मनलो, काठी बरोबर हातात गेली. खालची मानसं टिकास घेऊन निंगाली होती, त्यायले रामकलीनंच अडवलं. मने, ज्यानं सोताची बांधी मोकळी केली त्याच्या तलावाले आपन कायले हात लावाचा.”

मी विचारलं, “तुझी बांधी शेवटी काऊन आहे, उदाराम?”

“काठी घेतली तवा मोजून घेतली. बदलून. पयले तलावाखाली होती, तुमच्या बाजूले.” त्यानं गाठ ओढली. “शेवटी असलो का मधात कोनी लुबाडला त मलेच पयले समजे. मा धान सुकला त पाटात कोठंतरी चोरी हाय. मंग कागद कायले लागते?”

दोन वर्षं त्याच्या बांधीला पाणी पोचलं नव्हतं, रुख्मा सांगत होती. तेव्हा ती दोघं दरेकशाच्या जंगलात मोहफुलं वेचून राहिली. गावाला ठाऊक होतं. मी तेव्हा गोंदियाला शिकत होतो.

घरी आलो. गिरजा दारात तांदूळ पाखडत होती. मी पाय धुऊन आत गेलो.

१ ऑक्टोबर, मंगळवार

दोन दिवस एकच विचार. गप्प राहिलो तर सगळं छान आहे. गाव मला मानतं, दुसरी फेरी सुरळीत होईल, खालचा टोला वाचेल. खरं सांगितलं तर काठी जाईल, आणि कदाचित गावाची शांतताही. गावाच्या भल्यासाठी गप्प राहावं, असं मनाला पटवून पाहिलं. मन पटकन पटलं, म्हणून मला त्याचा संशय आला.

शेवटी तिला विचारलं. “माझं नाव का सांगितलंस?”

ती चुलीत फुंकत होती. धुरानं डोळे पुसत म्हणाली, “मंग कोनाचं सांगू? पानी मा नावानं गेलं असतं त एका बांधीचं झालं असतं. तुमच्या नावानं गेलं त गावाचं झालं.”

“आणि मी तुला चोर म्हटलं सगळ्यांसमोर.”

“म्हटलं न,” ती म्हणाली. “लय हसू येत होतं. मांग बसली होती मी बायांत.” मग फुंकणी खाली ठेवून, “तुमी वाईट नाई जी. तुमी फक्त कागदाकडे पाहून राहिले होते.”

लग्नाला सात वर्षं झाली. ही बाई मला आज दिसली, असं लिहिलं तर कोणी हसेल. हसो. तिचे ओरखडे अजून गेलेले नाहीत, आणि मी ते भाजीचे समजत होतो.

२ ऑक्टोबर, बुधवार

सभा बोलावली. शाळेच्या भिंतीवरचा कागद आधी काढला.

उभा राहिलो आणि सांगितलं. धुरा मी फोडला नाही, फोडायला सांगितलाही नाही. मी तेव्हा गोंदियात होतो. माझी बांधी पाण्यानं भरलेली ठेवून मी खाली न पाहता निघून गेलो होतो. धुरा गिरजानं फोडला, माझ्या नावानं, आणि मी तिलाच इथे चोर म्हणालो. तो शब्द परत घेतो. तुम्ही ज्याला मानता तो मी नाही. असं म्हणून काठी उदारामपुढे जमिनीवर ठेवली.

रूपलाल खाली पाहत होता. बायांच्या बाजूला मी पाहिलंच नाही.

उदारामनं चाचपून काठी शोधली, पण उचलली नाही. म्हणाला, “दुसऱ्या फेरीत तुमची बांधी कवा, गुरुजी?”

“शेवटी. तुझ्याही नंतर. आणि पाणी यंदा खालून सुरू करायचं, पाट एकदा भिजला की भिजला.”

“तुमची बांधी त तलावालेच लागून. नवू दिस तिच्या बाजूनं पानी वायल आणि तिले मिळनार नाई. समद्याईले दिसन.”

“दिसू दे.”

“मंग उचला काठी,” तो म्हणाला. “मले वाकता नाई येत.”

मी उचलली. तेवढ्यात मागून रामकलीचा आवाज आला, “आमाले मालूम होता गुरुजी का तुमी धाडलं नोहतं,” आणि बाया हसल्या. सभेत चोर म्हणताना माझा चेहरा सगळ्यांनी पाहिला होता. उदारामला डोळ्यांनी दिसत नाही म्हणून तो एकटाच त्याला नाटक समजला. खालचे बाकी सगळे गिरजाचा मान राखून गप्प होते, आणि मी कधी बोलतो याची वाट पाहत होते.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

नऊ दिवस शाळा सुटल्यावर पाटावर बसलो. नुसता बसलो. उठलो की वरून खाली चालत जायचं, खालून वर यायचं. वेळ सांगावी लागली नाही. रूपलालनं त्याची पाळी तासभर आधीच बंद केली. विचारलं तर म्हणे घड्याळ पुढे गेलं असेल. त्याच्याकडे घड्याळ नाही.

आज सकाळी उदारामच्या बांधीत पाणी शिरलं. खालून सुरुवात केली तरी आपली बांधी सगळ्या टोल्याच्या मागे ठेवा, हे त्याचंच म्हणणं. त्याला हात धरून धुऱ्यावर नेलं. तो पाय सोडून बसला. पाणी तळव्याला लागलं तेव्हा म्हणाला, “आला.” मग म्हणाला, “एकतीस वर्सात मा मांग कोनी नोहता. आता हाय.” त्याला ते सहन होत नव्हतं असं मला वाटलं. मी त्याच्याजवळ बसून राहिलो.

तलावात उरलं ते तुडुमाच्या शेवटच्या भोकाखाली. ते बाहेर येत नाही. आमच्या बांधीला दुसरं पाणी नाही.

सोनं वाटायला खालचा टोला आमच्याकडे आला. सगळ्यांनी आपट्याची पानं आधी गिरजाच्या हातात दिली, मग माझ्या.

२४ नोव्हेंबर, रविवार

धान घरात आलं. खालच्या टोल्यात सगळ्यांचं झालं, कोणाचं भरपूर, कोणाचं बेताचं. आमच्या बांधीतून पाझरानं तगलं तेवढं आलं, निम्म्याहून कमी. बाकी तणस. उन्हाळ्यात भाताबरोबर कोदोचं भरड धान्यही खावं लागेल. गिरजा म्हणते तिला कोदो आवडतो. सात वर्षांत हे पहिल्यांदा ऐकतो आहे.

दुपारी आम्ही दोघं तलावावर गेलो. काठी पाण्यात उभी केली, पाणी लागलं तिथे बोट धरलं. उदारामनं आपला चाकू दिला होता. मी तो गिरजाच्या हातात दिला.

“मी?” ती म्हणाली.

“तूच.”

तिनं ओठ दाबून, जीव लावून खूण केली. बांबू कडक, चाकू सरकला आणि खूण तिरपी आली. एकतीस सरळ, बत्तिसावी तिरपी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “बिघडली जी. पुसता येते का?”

मी म्हटलं, नाही येत. आणि काठी खांद्यावर घेऊन तिच्या मागून घरी आलो.